रोजच्या दिवसात सवय बसवायची कशी? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

त्रिमूर्तीनगरच्या बागेत दर रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण सतरंजी टाकून बसतो. कुणाला चालायला लागायचं असतं, कुणाला खर्रा म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू सोडायची असते, कुणाला मुलांवर ओरडणं कमी करायचं असतं. मी शाळेत मराठी शिकवायची. निवृत्तीनंतर हे बसणं सुरू झालं, आता सहावं वर्ष चालू आहे. नवीन माणूस आला की तेच प्रश्न पुन्हा येतात आणि विचारणाऱ्यासाठी ते दर वेळी तितकेच खरे असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते.

मला खूप काही बदलायचं आहे. सुरुवात कशापासून करू?

एकाच गोष्टीपासून. आणि ती इतकी लहान घ्या, की अंगात कणकण असलेल्या दिवशीही होईल. दोन पानं वाचन, पाच मिनिटं चालणं, वहीत एक ओळ.

त्यानंतर तिच्यासाठी खुंटी शोधा. घरात शिरल्यावर गाडीची किल्ली कुठे अडकवायची हे आपल्याला आठवावं लागत नाही, कारण खुंटी ठरलेली असते. नव्या सवयीलाही तशीच खुंटी लागते. म्हणजे रोज न चुकता होणारं एखादं काम, ज्याच्या पाठोपाठ ही नवी गोष्ट करायची. नळ आला, दूध तापलं, मुलांची व्हॅन गेली, देवापुढे दिवा लागला, रात्री ओटा पुसून झाला. तुमच्या दिवसात अशा वीसेक खुंट्या आधीपासून ठोकलेल्या आहेत.

‘रोज वाचन करीन’ हा संकल्प हवेत राहतो. ‘ओटा पुसून झाला की खिडकीजवळच्या खुर्चीत बसून दोन पानं वाचीन’ हे मात्र जमतं. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये याच गोष्टीवर सविस्तर लिहिलं. कधी, कुठे आणि कशाच्या पाठोपाठ करणार हे आधी ठरवणारी माणसं नुसती इच्छा धरणाऱ्यांपेक्षा ठरवलेलं काम जास्त वेळा पार पाडतात. बागेत येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच एक वाक्य लिहायला सांगते: ‘अमुक झालं की मी तमुक करीन.’

२१ दिवसांत सवय लागते म्हणतात. खरं आहे का?

नाही. या आकड्याने फार माणसांना निराश केलं आहे, म्हणून त्याचं मूळ सांगते. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, असं निरीक्षण त्यांनी १९६० साली आपल्या पुस्तकात नोंदवलं. पुढे सांगोवांगीत ‘निदान’ गळून पडलं आणि चेहऱ्याची गोष्ट सगळ्याच सवयींना चिकटली.

प्रत्यक्ष मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. ९६ जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक नवी सवय निवडली आणि १२ आठवडे रोज नोंद ठेवली. सवय अंगवळणी पडायला मधला काळ निघाला ६६ दिवस. पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला अंदाजाने २५४ दिवस लागले असते. जेवणाबरोबर ग्लासभर पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर बसली, व्यायाम उशिरा बसला.

आपल्या भाषेत सांगायचं तर पाडव्याला सुरू केलेली सवय साधारण मृगाच्या आसपास अंगात मुरते. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर तुमच्यात काही खोट आहे असं समजू नका. अजून निम्मी वाटही झालेली नसते.

एक दिवस चुकला तर पहिल्यापासून मोजायचं का?

मुळीच नाही. याच अभ्यासात दिसलं, की एखादा दिवस हुकल्याने सवय बसण्यात लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही. दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू नका, नेहमीएवढंच करा. सलग दोन दिवस चुकू नयेत एवढं पाळलं तरी पुरे.

उन्हाळाभर छान चाललं होतं, पावसाळा लागला आणि सुटलं. असं का होतं?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, कारण माझं स्वतःचं असंच झालं होतं.

आमचा कूलर मागच्या खोलीच्या खिडकीला लावलेला असतो. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी टाकी तळाला गेलेली असते. नळाला पाइप जोडून ती भरायला बारा-पंधरा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ तिथून हलता येत नाही, नाहीतर पाणी खाली वाहतं. एका वर्षी मी खिडकीच्या कठड्यावर पुस्तक ठेवलं. पाइप सोडला की स्टुलावर बसायचं आणि टाकी भरेपर्यंत वाचायचं. ओल्या ताट्यांचा वास, आतल्या पाण्याचा हळूहळू बदलत जाणारा आवाज, पानांवर उडालेले शिंतोडे. त्या पुस्तकांची पानं अजून फुगलेली आहेत. अडीच महिन्यांत मी तीन जाडजूड पुस्तकं वाचली आणि वाटलं, आता वाचनाची सवय लागली.

मग पाऊस आला. कूलर बंद झाला, त्यावर कापड घातलं. गणपतीच्या आधी घर आवरताना पुस्तक कठड्यावरच सापडलं. आत खूण म्हणून घातलेलं विजेचं बिल मी जूनमध्ये ठेवलं होतं त्याच पानात होतं. फार वाईट वाटलं. आपणच आळशी, असं मी बरेच दिवस मनाला लावून घेतलं.

तसं नव्हतं. खुंटीच निघाली होती, तर किल्ली अडकणार कुठे? वेंडी वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली दुसऱ्या विद्यापीठात बदली होऊन गेलेल्या विद्यार्थ्यांकडे पाहिलं. व्यायाम, वर्तमानपत्र वाचणं, टीव्ही बघणं या सवयी तिथे टिकल्या, जिथे नव्या ठिकाणीही आजूबाजूची परिस्थिती पहिल्यासारखीच राहिली. परिस्थिती बदलली तिथे सवय सुटली. मुलं तीच, इच्छाही तीच.

आणि आपल्या नागपुरात तर घर न बदलताही वर्षातून तीनदा घर बदलतं. उन्हाळ्यात आपण कूलरच्या खोलीत झोपतो, दुपारी दारं-खिडक्या बंद करून अंधारात बसतो. पावसाळ्यात गच्ची सुटते. हिवाळ्यात अंथरूण सुटत नाही. म्हणून ऋतू उलटण्याआधीच पुढची खुंटी ठरवा. मी आता पहिला वळीव पडला की पुस्तक कठड्यावरून उचलते आणि देवघराशेजारच्या फळीवर ठेवते. दिवा लावला की वाचायला बसते. पुढच्या एप्रिलमध्ये पुस्तक पुन्हा कठड्यावर जातं.

मे महिन्यात पारा ४५-४६ ला जातो. चालायचं कसं?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, आणि तो तुकड्यातुकड्यांनी केला तरी चालतो.

अडचण घड्याळाची आहे. मेच्या शेवटी आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो, जानेवारीत तो सात वाजायला आठ-दहा मिनिटं असताना दिसतो. वर्षभर ‘सकाळी सहा’ असा नेम केला तर हिवाळ्यात अंधारात निघावं लागतं आणि मेमध्ये परत येताना ऊन डोक्यावर असतं. नेम उजेडाशी बांधा. झुंजूमुंजू झालं की निघायचं. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स किंवा घराजवळची साधी बाग, जिथे जायला गाडी काढावी लागणार नाही ते ठिकाण निवडा. गाडी काढावी लागली की निम्मे दिवस बुडतात.

मेमध्ये संध्याकाळी सातलाही डांबर तापलेलंच असतं, म्हणून सकाळच बरी. नवतपाचे, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाचे नऊ दिवस फारच तापले तर घरातल्या घरात फेऱ्या मारा, पण चपला घालून त्या ठरल्या वेळेला सुरुवात करा. खुंटी जपायची असते, अंतराचं पुढे बघता येतं. निघण्याआधी पाणी प्या, आल्यावर ताक किंवा कैरीचं पन्हं घ्या. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या.

पहाटे पाचला उठल्याशिवाय प्रगती होत नाही का?

होते. मोठ्या माणसाला सात तास झोप लागते. बाराला झोपून पाचला उठणं म्हणजे रोज दोन तासांचं कर्ज काढणं आहे.

मिहान या कंपन्यांच्या भागात रात्रपाळी करणारा एक मुलगा आमच्याकडे यायचा. त्याला घरचे सतत ‘लवकर उठ’ म्हणायचे. सकाळी आठला घरी येऊन झोपणाऱ्या पोराने पाचला उठायचं तरी कसं? त्याची सकाळ दुपारी चारला होते. त्याने चारच्या चहाआधी दहा सूर्यनमस्कार ठेवले आणि ते टिकले. तुमचा दिवस जिथून सुरू होतो ती तुमची पहाट.

लवकर उठायचंच असेल तर आधी झोपण्याची वेळ अलीकडे आणा, तीही दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी. संध्याकाळी सहानंतरचा चहा-कॉफी सोडा. कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायलाच सरासरी पाच तास लागतात.

खर्रा सोडायचा आहे. कितीदा सोडला, पुन्हा लागला. काय करू?

हा प्रश्न विचारताना माणसं खाली बघतात. तसं बघू नका. निकोटिन मेंदूला पकडून ठेवतं, यात तुमच्या शिलाचा प्रश्न नाही. आणि ‘बिनतंबाखूचा चालतो’ या भ्रमात तर अजिबात राहू नका. सुपारी स्वतःच कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं आहे.

माझे धाकटे दीर वीस वर्षं खर्रा खात होते. इतवारीत दुकान. सकाळी दहाला चहा व्हायचा, तो संपता संपता टपरीवाला पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घालून घोटायला लागायचा. ते घोटणं पाच मिनिटं चालायचं आणि त्या पाच मिनिटांत बाजारातल्या सगळ्या बातम्या व्हायच्या. पुढे पुढे त्यांना तिखट सोसेना. सावजीचा रस्सा आवडीने खाणारा माणूस भाजी पाण्यात बुडवून खायला लागला. मग तोंडच पुरतं उघडेना. दंतवैद्यांनी सांगितलं, ‘उभी तीन बोटं तोंडात घालून दाखवा.’ दोनच गेली. त्या दिवशी घरी येऊन ते कुणाशी बोलले नाहीत. रात्री जेवताना भाकरीचे अगदी नखाएवढे तुकडे करत बसले होते, ते मला आजही दिसतं.

तुम्हीही आत्ता ही तीन बोटं घालून बघा. जात नसतील, तिखटाने आग होत असेल, गालाच्या आत पांढरे पट्टे दिसत असतील, तर मेडिकल कॉलेजजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा तुमच्या दंतवैद्यांकडे याच आठवड्यात जा. आलेला ताठरपणा पूर्ण जात नाही. पण खाणं थांबवलं आणि उपचार घेतले तर पुढचं नुकसान आटोक्यात ठेवता येतं.

दिरांनी सोडलं ते असं. आधी चार दिवस नुसतं लिहून काढलं, खर्रा नेमका कधी लागतो. कळलं की नऊपैकी सहा वेळा तो चहाच्या मागोमाग लागतो आणि तोही त्या टपरीपाशीच. खुंटी सापडली. त्यांनी चहाची जागा बदलली. घरून थर्मास न्यायला लागले आणि शेजारच्या भांड्यांच्या दुकानदाराबरोबर दुकानातच चहा घ्यायला लागले. बातम्या तिथेही मिळाल्या. खिशात खर्ऱ्याच्या पुडीच्या जागी बडीशेप आणि लवंगा ठेवल्या. तलफ आली की ती लाट काही मिनिटांची असते, तेवढा वेळ उठून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचे. पहिले चार-पाच दिवस चिडचिड, डोकेदुखी, झोप नाही, असं सगळं झालं. घरच्यांनी ते दिवस सांभाळून घ्यावेत, ही माझी हात जोडून विनंती आहे. ‘बघू किती दिवस टिकतं’ हे वाक्य त्या आठवड्यात तोंडातून काढू नका.

दिवसही त्यांनी निवडून घेतला होता, मारबतीचा. मारबत म्हणजे वाईट ते गावाबाहेर घालवायला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने नेतात तो पुतळा. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत काळी आणि पिवळी मारबत इतवारीतून जाते, त्या गर्दीत त्यांनी शेवटची पुडी टाकली. असा दिवस निवडण्याला आधारही आहे. माणसं नव्या आठवड्याच्या, नव्या महिन्याच्या, वाढदिवसाच्या निमित्ताने नवी सुरुवात जास्त करतात, हे हेंगचेन डाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये दाखवलं. दीर दोनदा पुन्हा घसरले, दोन्ही वेळा लग्नाच्या मांडवात. आता लग्नाला गेले की पंगतीनंतर लगेच निघतात. चार वर्षं झाली.

तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे. फोन करायला संकोच वाटला तर घरातल्या कुणाला शेजारी बसवून करा.

मोबाइल हातातून सुटत नाही.

मनाशी भांडू नका, मोबाइलची जागा बदला. रात्री तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि उठवण्यासाठी साधं गजराचं घड्याळ घ्या. जेवताना सगळ्यांचे फोन फ्रिजवर. हात सवयीने जाईल, रिकामा परत येईल, आठवडाभर अस्वस्थ वाटेल. त्या रिकाम्या हातासाठी काहीतरी जवळ असू द्या: विणकाम, शब्दकोडं, निवडायची मेथी.

वाचनाला वेळच मिळत नाही.

सुभाषनगरहून सीताबर्डीला मेट्रोने नोकरीला जाणारा एक तरुण फक्त गाडीत वाचतो. बसला की पुस्तक उघडतो, झाशी राणी चौक आला की मिटतो. वर्षाला सात-आठ पुस्तकं होतात.

पुस्तक कोणतं, असंही विचारतात. या बाबतीत आपल्या शहराला बाहेरून धडा घ्यायची गरज नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या भूमीवर धम्मदीक्षा घेतली, तिथे दर दसऱ्याला लाखो माणसं येतात आणि परतताना पुस्तकं घेऊन जातात. डोक्यावर गाठोडं, काखेत लेकरू आणि पिशवीत पुस्तकं, अशा बाया मी दीक्षाभूमीच्या रस्त्यावर दर वर्षी पाहते. काहींना स्वतःला वाचता येत नाही, त्या घरी जाऊन नातवाकडून वाचून घेतात. ज्या माणसाने पुस्तकांसाठी मुंबईत राजगृह बांधलं, त्याला केलेला याहून मोठा नमस्कार मला माहीत नाही. एकदा जाऊन त्या स्टॉलवर तासभर उभे राहा. पुस्तक तुम्हाला सापडेल.

काकू, घरात मला स्वतःसाठी दहा मिनिटंही मिळत नाहीत. मी काय सवय लावू?

बाई, आधी हे मान्य करू की यात तुझी इच्छाशक्ती कमी पडत नाही. पहाटे पाचपासून डबे, पाणी, नाश्ता, सासऱ्यांची औषधं, मुलांची शाळा, आणि त्यात कुणीतरी फोनवर सांगणार की ‘स्वतःला वेळ द्या’. वेळ काही आभाळातून पडत नाही. घरातलं कुणीतरी दुसरं उठलं, की मगच तुला बसता येतं. म्हणून तुझी पहिली पायरी मागणं ही आहे.

मागताना मोघम मागू नकोस. ‘मला जरा वेळ द्या’ याला सगळे मान डोलावतात आणि काहीच बदलत नाही. मानेवाड्याच्या एका सुनेने सासूबाईंना सांगितलं, ‘आई, साडेसहा ते पावणेसात मी गच्चीवर असते. तेवढा वेळ गॅसकडे तुम्ही बघाल का?’ वेळ, जागा, काम, सगळं ठरलेलं. सासूबाई म्हणाल्या, ‘बघतो ना बाप्पा, त्यात काय.’ पंधरा दिवसांनी त्याच म्हणायला लागल्या, ‘अगं, साडेसहा वाजले, जा वर.’ आता खाली नवरा चहा ठेवतो आणि दोघी वर असतात.

सगळ्याच घरांत असं होत नाही, हे मला ठाऊक आहे. जिथे मागूनही मिळत नाही, तिथे चालू कामातलाच एक तुकडा आपला करून घे. कपडे वाळत घालताना पाच दीर्घ श्वास. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत वहीत एक ओळ. पण मागणं सोडू नकोस. आणि हे वाचणाऱ्या पुरुषांना सांगते, तुमची या वर्षीची सवय हीच असू द्या: रोज पंधरा मिनिटं घरातलं एक काम, न सांगता, न विसरता.

राग लगेच येतो, मुलांवर ओरडतो. ही सवय बदलते का?

बदलते, हळू. राग येण्याच्या जागा लिहून काढा. बहुतेकांच्या त्या दोन-तीनच असतात: सकाळची शाळेची घाई, ऑफिसातून घरात शिरतानाची दहा मिनिटं, मुलांचा अभ्यास. संध्याकाळच्या रागावर एका गृहस्थांनी केलेला उपाय मला आवडला. ते वर्धा रोडच्या गर्दीतून घरी येतात. गाडी स्टँडला लावली की हेल्मेट काढून मांडीवर घेतात, दोन मिनिटं गाडीवरच बसतात आणि मगच बेल वाजवतात. आता त्यांची मुलगी खिडकीतून बघत असते, बाबा कधी उतरतात याची वाट पाहत.

ओरडलात तर नंतर मुलाची माफी मागा. ‘मी ओरडायला नको होतं’ एवढंच म्हणा, पुढे ‘पण तूही…’ जोडू नका.

मुलांना चांगल्या सवयी कशा लावाव्यात?

तुम्ही पुस्तक घेऊन बसलात तर ते बसतील, तुम्ही फोन घेऊन बसलात तर तेही फोनच मागतील. यापलीकडे एक सुचवते. तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी नंदी घेऊन घरोघरी जातात, बोजारा म्हणजे खाऊला पैसे मिळतात. ते पैसे आई-बाबांच्या खिशात जाऊ देऊ नका. तीन डबे करा: एक खर्चाचा, एक साठवायचा, एक दुसऱ्याला द्यायचा. वाटणी मुलाला करू द्या, चुकली तरी. बचत म्हणजे काय हे त्याला त्या दिवशी जेवढं कळेल तेवढं भाषणाने कळणार नाही. मोठ्यांसाठीही तेच: पगार आला त्याच दिवशी आरडी किंवा एसआयपी कापली जाऊ द्या, महिनाअखेरीला उरत नाही.

तर्री पोहे सोडावे लागतील का?

नका सोडू. रोजचे असतील तर रविवारचे करा आणि ठेल्यापर्यंत चालत जा. पूर्ण बंदी घातलेली गोष्ट दिवसभर मनात फिरत राहते.

नोंद ठेवायला कोणतं ॲप घ्यावं?

भिंतीवरचं कॅलेंडर पुरे. झालं त्या दिवसावर पेनाने टिकली द्या. ते घरातल्या सगळ्यांना दिसतं, हाच त्याचा फायदा.

मध्ये मोठा खंड पडला, महिनोन्‌महिने. परत कसं उभं राहायचं?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आमच्यातल्या अंबाझरी ले-आउटमध्ये राहणाऱ्या एक बाई सात वर्षं रोज रात्री तीन ओळी लिहायच्या. त्यांच्या वह्या खालच्या कपाटात होत्या. सगळ्या भिजल्या, शाई पसरून पानं निळी झाली. फ्रिज गेला, गाद्या गेल्या, भिंतींची ओल जाता जात नव्हती. पुढचे चार महिने त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही आणि आम्हीही कुणी आठवण केली नाही. अशा वेळी सवय हा विषयच नसतो. आधी घर उभं करायचं, झोप मिळवायची.

संक्रांतीच्या सुमारास त्या आल्या आणि म्हणाल्या, ‘तीन ओळी सुचत नाहीत गं.’ मी म्हटलं, तारीख लिहा. पंधरा दिवस त्यांनी फक्त तारीख लिहिली. सोळाव्या दिवशी तारखेपुढे लिहिलं, ‘आज भिंतीला चुना दिला.’ तिथून पुढे त्यांचं लिहिणं पुन्हा सुरू झालं.

मोठ्या खंडानंतर परतायचं ते इतक्या खालच्या पायरीवरून. जिथे सोडलं होतं तिथून सुरू करायला गेलं की दम तुटतो.

माझं वय ६४ आहे. आता काय बदलणार?

आमच्यात ७१ वर्षांचे एक आजोबा आहेत, त्यांनी गेल्या वर्षी मोडी शिकायला घेतली. वयाने वेग कमी होतो, पण दिवस ठरावीक असतो, म्हणून खुंट्या पक्क्या सापडतात. तोल सांभाळण्याचा व्यायाम मात्र भिंतीला धरूनच करा.

काहीच करावंसं वाटत नाही, सवय तर दूरच. मी आळशी झाले आहे का?

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, आवडत्या गोष्टीतही रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. तेव्हा वही, खुंटी, कॅलेंडर सगळं बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर उद्यावर टाकू नका, आत्ता फोन करा आणि घरातल्या एका माणसाला सांगा.

रविवारी यायचं असेल तर काय आणावं लागतं?

एक चिठ्ठी. तिच्यावर ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ हे तुमचं वाक्य. उन्हाळ्यात आम्ही सहाला बसतो, हिवाळ्यात साडेसातला. वाक्य सुचलं नाही तर चिठ्ठी कोरी आणा, तिथे बसून लिहू. सतरंजी मी आणते.